एकोणिसाव्या शतकांतील मराठी बालकथांचें मुद्रण : एक परीक्षण

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास सांगतांना बहुतेक लेखक एकाच ठिकाणापासून निघतात. इ. स. १८२८ मध्यें सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचीं ‘इसापनीतिकथा’ व ‘बाळमित्र’ हीं दोन पुस्तकें मुंबईस प्रसिद्ध झालीं, आणि तेथें मराठी मुलांच्या गोष्टीचा उगम झाला, असें हें मत आहे. एका लेखकानें लिहिलें, दुसऱ्यानें उतरून घेतलें, आणि आतां त्याची तपासणी करावी असें कोणास वाटतही नाहीं. मतांतील सन बरोबर आहे, ग्रंथकारही बरोबर आहे. वाद आहे तो ‘उगम’ या शब्दाविषयीं. छापखान्याचा इतिहास हा गोष्टीचा इतिहास नव्हे. कोणती गोष्ट खिळ्यांवर चढली आणि कोणती चुलीपाशीं राहिली, हें गोष्टीच्या बऱ्यावाईटपणावरून ठरलें नाहीं. कागदाचे व शाईचे पैसे कोणी दिले यावरून ठरलें. हें ध्यानांत घेतल्याखेरीज त्या शतकांतील लहान लहान पुस्तकांचा अर्थ लागत नाहीं, व संग्राहकांनीं तीं कां जपावीं हेंही समजत नाहीं.

पहिला पैसा राजाचा होता. तंजावरचे सरफोजी महाराज (१७७७–१८३२) यांनीं आपल्या राजवाड्यांत ‘नवविद्याकलानिधि’ नांवाचा देवनागरी छापखाना घातला होता. त्यांत १८०६ सालीं ‘बालबोधमुक्तावली’ हें पुस्तक छापलें गेलें. सख्खण पंडितानें केलेलें तें इसापाच्या कथांचें मराठी भाषांतर होय. म्हणजे छत्र्यांच्या आधीं बावीस वर्षे, आणि तेंही कावेरीच्या कांठीं, इसाप मराठी बोलूं लागला होता. या पुस्तकाचा मुंबई-पुण्याच्या पुढील व्यवहारावर परिणाम झालेला दिसत नाहीं, म्हणून वाङ्मयाचे इतिहासकार त्याचा उल्लेख एका ओळींत करून पुढें जातात. प्राचीन मुद्रितांच्या अभ्यासकास मात्र तें पुस्तक फार मोलाचें वाटलें पाहिजे. राजाज्ञेनें, राजाच्या पैशानें व शिकण्यासाठीं म्हणून छापलेलें असें मराठी गोष्टीचें पुस्तक पुढें शतकभर दुसरें झालें नाहीं. बाकीची सर्व पुस्तकें कोणत्या ना कोणत्या मंडळीचीं, खात्याचीं किंवा दुकानदाराचीं आहेत.

दुसरा पैसा कलकत्त्याचा. श्रीरामपूर येथें विल्यम केरी याच्या देखरेखीखालीं ‘सिंहासनबत्तिशी’ (१८१४), ‘हितोपदेश’ (१८१५) व ‘राघोजी भोसल्याची वंशावळी’ (१८१६) हीं मराठी पुस्तकें निघालीं. त्या कामांत फोर्ट विल्यम कॉलेजांतील मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा यांचा हात होता. यांतील पहिलीं दोन नांवें पाहून पुष्कळ लोक त्यांची गणना बालवाङ्मयांत करतात. ती चुकीची आहे. या पुस्तकांचा वाचक म्हणजे देशभाषा शिकणारा कंपनीचा तरुण नोकर होता. बत्तीस पुतळ्यांच्या गोष्टी त्यास दिल्या त्या त्याची करमणूक व्हावी म्हणून नव्हे; सोपीं वाक्यें मिळावीं म्हणून. आम्हां भंडाऱ्याकडील लोकांस तिसऱ्या पुस्तकाचें अगत्य अधिक, कारण तें छापलें गेलें तेव्हां हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्याच अमलाखालीं होता व पुढें १८५३ पर्यंत राहिला. वंशावळी छापणारा आणि बत्तिशी छापणारा एकच होता, व दोन्ही छापण्यांतील हेतूही एकच होता. असो.

मुंबईस १८२२ सालीं कुरियर छापखान्यांत ‘पंचोपाख्यान’ छापलें गेलें. त्याच वर्षीं एतद्देशीयांच्या शिक्षणासाठीं शाळा व शाळापुस्तकें यांची मंडळी स्वतंत्रपणें कामास लागली. तिचे एतद्देशीय चिटणीस म्हणून बापू छत्रे (१७८८–१८३०) यांनीं जें काम केलें त्याविषयीं येथें थोडें थांबून लिहिलें पाहिजे, कारण त्यांस ‘भाषांतरकार’ एवढें म्हणून सोडून देणें हा त्यांच्यावर अन्याय आहे. ‘बाळमित्र’ हें मूळचें बर्क्विन नांवाच्या फ्रेंच लेखकाचें. पॅरिस येथें १७८२–८३ मध्यें मासिकरूपानें निघालेलें तें लेखन इंग्रजींत गेलें, इंग्रजींतून अमेरिकेंत गेलें, आणि छत्र्यांनीं तें इंग्रजीवरून मराठींत आणलें. म्हणजे बोस्टनचा मुलगा व पुण्याचा मुलगा एकाच फ्रेंच गृहस्थाचा उपदेश ऐकत होते. या गोष्टींत परी नाहीं, राक्षस नाहीं, बोलणारा पोपट नाहीं. शहाणा मुलगा, हट्टी मुलगा, खरें बोलणारी मुलगी व शेवटीं समाधान पावणारे वडील एवढाच संसार. गोष्ट म्हणून आज तें पुस्तक वाचणें कठीण आहे. परंतु ज्या काळीं मराठी गद्य म्हणजे बखर, पत्र, कैफियत किंवा टीका, त्या काळीं मुलांशीं साध्या वाक्यांत बोलणारें गद्य छत्र्यांनीं उभें केलें. इसापनीतींत त्यांची लेखणी अधिक मोकळी चालते, कारण तेथें कोल्हा, कावळा, गाढव व सिंह हीं पात्रें मराठी वाचकास परकीं नव्हतीं. पंचतंत्रानें त्यांची ओळख फार पूर्वींच करून दिली होती. सतराव्या शतकांतील निर्मळ पाठकाचें ओवीबद्ध ‘पंचोपाख्यान’ ज्यांनीं हस्तलिखितांत पाहिलें असेल त्यांस हें सांगावयास नको. इसाप मराठींत इतक्या लवकर रुजला याचें श्रेय छत्र्यांस जितकें, तितकेंच विष्णुशर्म्यास द्यावें लागेल.

छत्र्यांच्याच नांवावर ‘वेताळपंचविशी’ (१८३०) आहे. नीतीच्या पुस्तकांच्या रांगेंत वेताळ येऊन बसला ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘नीतिकथा’ (१८३८) निघाल्या, आणि पुढें मेजर कँडी यांच्या देखरेखीखालीं शाळाखात्याच्या पुस्तकांची भाषा घासूनपुसून एकसारखी करण्यांत आली. खात्याच्या पुस्तकांतून नंतर नीतीच उरली. वेताळ बाजारांत गेला.

येथें अमेरिकेची गोष्ट काढणें प्रथमदर्शनीं विषयांतर वाटेल, पण तसें नाहीं. त्या देशांतील मुलांच्या पुस्तकांचा त्याच शतकांतील इतिहास आपल्या इतिहासाशीं दोन ठिकाणीं प्रत्यक्ष येऊन मिळतो. तिकडे १८२४ सालीं फिलाडेल्फिया येथें रविवारच्या धर्मशाळांची मोठी मंडळी स्थापन झाली. तिनें व तिच्यासारख्या संस्थांनीं मुलांसाठीं असंख्य लहान पुस्तकें छापलीं, त्यांत धर्म व नीति यांशिवाय कशास थारा नव्हता. १८२७ पासून सॅम्युएल गुडरिच यानें ‘पीटर पार्ली’ या नांवानें भूगोल, इतिहास व सृष्टिज्ञान यांचीं पुस्तकें काढलीं. लहानपणीं वाचलेल्या तांबड्या टोपीच्या मुलीच्या व राक्षस मारणाऱ्या जॅकच्या कथांचा त्यास तिटकारा होता, आणि अशा कथा मुलांस देऊं नयेत असें तो उघड म्हणे. तरी परीकथा तेथें मेल्या नाहींत. परदेशी ग्रंथकाराचा हक्क अमेरिकेच्या कायद्यानें १८९१ पर्यंत मानला नव्हता. त्यामुळें लंडनमध्यें निघालेलें ग्रिमचें अथवा अँडर्सनचें पुस्तक तेथील प्रकाशकास एक पैही न देतां छापतां येई, आणि तो छापीत असे. एकीकडून मंडळीचा पैसा नीतिकथेस, दुसरीकडून दुकानदाराचा लोभ परीकथेस. या दोहोंच्या ओढाताणींत तेथील बालवाङ्मय वाढलें. नाथानिएल हॉथॉर्न यानें प्रथम पार्लीच्या मालेसाठीं जगाचा इतिहास लिहिण्याची मजुरी केली, आणि पुढें १८५२ च्या सुमारास ग्रीक पुराणकथा मुलांसाठीं स्वतःच्या आनंदानें सांगितल्या. एकाच माणसाच्या हातून दोन्ही प्रकार घडले.

आतां संबंध पाहा. अमेरिकन मिशनचे पहिले पाद्री १८१३ च्या आरंभीं मुंबईस उतरले, आणि १८१६–१७ मध्यें त्यांचा छापखाना सुरू झाला. रविवारच्या शाळेच्या पुस्तकांतून आलेली कथेची जी चाल तिकडे होती तीच मिशनच्या मराठी पुस्तकांतून इकडे आली. १८४२ सालीं अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ निघाला, आणि १८७३ च्या सुमारास मुलांसाठीं ‘बालबोधमेवा’ हें मासिक निघालें. त्याच १८७३ सालीं न्यूयॉर्कला ‘सेंट निकोलस’ हें मुलांचें प्रसिद्ध मासिक सुरू झालें. हा योगायोग खरा, पण बोधक आहे. तिकडील मासिकानें उपदेशाचें ओझें बरेंच खालीं ठेवलें होतें; इकडील मासिक तें अजून वाहत होतें. स्वदेशीं जी चाल मागें पडत होती ती परदेशीं अधिक काळ टिकली. मिशनच्या पुस्तकांची टवाळी करण्याचा आमचा हेतु नाहीं. चित्रें, स्वच्छ छपाई व मुलांच्या डोळ्यांस सोसेल असा ठळक टाइप हें तिकडून आलेलें आहे. त्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यानें मराठी खिळे सुधारले, आणि त्याच्या हाताखालीं लहान वयांत कामास राहिलेल्या जावजी दादाजींनीं (१८३९–१८९२) पुढें निर्णयसागर उभारला. विनायक कोंडदेव ओक यांचें १८८१ मध्यें निघालेलें ‘बालबोध’ मासिक निर्णयसागरांतच छापलें जाई. मिशनच्या मेव्याकडून ओकांच्या मासिकाकडे जाणारी वाट अशी खिळ्यांच्या कारखान्यांतून जाते. नांवांतील साम्यावरून तर्क करीत बसण्याची गरज नाहीं.

ओकांनीं (१८४०–१९१४) ‘बालबोध’ आमरण चालविलें. चरित्र, कविता, निबंध, सृष्टिज्ञान यांचा त्यांत भरणा असे. ओकांची योग्यता मोठी. मराठी मुलास त्यांनीं अब्राहाम लिंकनपासून धूमकेतूपर्यंत सर्व कांहीं ओळखीचें करून दिलें असें म्हटलें तरी फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. परंतु त्यांच्या मासिकाचा प्राण माहिती हा होता. पीटर पार्लीस तें पसंत पडलें असतें.

अद्भुताची भूक भागविली ती बाजारानें. गणपत कृष्णाजींनीं १८३१ च्या सुमारास शिळाछापावर पंचांग काढल्यापासून मुंबईंत देशी छापखाने वाढले. त्यांतून बत्तिशी, पंचविशी, शुकबाहत्तरी, हातिमताई, गुलबकावली अशीं पुस्तकें पुनःपुन्हा निघत राहिलीं. कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं आरंभिलेलें ‘अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ हें भाषांतर विष्णुशास्त्री व हरि कृष्ण दामले यांच्या हातून पुढें गेलें. तें मुलांसाठीं लिहिलेलें नव्हतें. मुलांच्या हातीं तें गेलें, आणि वडीलधाऱ्यांनीं काढून घेतलें तरी पुन्हा गेलें. गद्याच्या दृष्टीनें पाहतां एकोणिसाव्या शतकांतील कथांच्या भाषांतरांत इतकें भरदार व मराठमोळें गद्य दुसरें नाहीं, असें आमचें मत आहे. तरी तेंही भाषांतरच. इसाप ग्रीसचा, बर्क्विन फ्रान्सचा, हातिम अरबस्तानचा, वेताळ उज्जनीचा. मराठी घरांत आजी जी गोष्ट सांगत होती ती या यादींत कोठें आहे?

ती १८६८ सालीं लंडनमध्यें छापली गेली, इंग्रजींत.

मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर १८६५–६६ च्या हिवाळ्यांत दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होते. त्यांची कन्या मेरी फ्रियर बरोबर होती. तंबूंत तिच्या सोबतीस अ‍ॅना लिबेराता डि सूझा ही आया होती. तिचें कुळ मूळचें लिंगायत; गोव्याकडे येऊन ख्रिस्ती झालेलें; आजा इंग्रजी पलटणींत हवालदार. लहानपणीं आजीनें सांगितलेल्या गोष्टी अ‍ॅनानें मेरीस सांगितल्या. मेरीनें त्या लिहून घेतल्या व पुन्हा तिला वाचून दाखवून ताडून पाहिल्या. त्यांचें ‘ओल्ड डेक्कन डेज’ हें पुस्तक जॉन मरे यानें प्रसिद्ध केलें. चित्रें मेरीच्या बहिणीनें काढलीं, प्रस्तावना व टिपा बापानें लिहिल्या. गोष्टी चोवीस. फिलाडेल्फियाच्या लिपिंकॉट यानेंही तें पुस्तक काढलें, त्यामुळें दख्खनच्या चुलीवरची गोष्ट अमेरिकन मुलाच्या हातीं लवकरच पोंचली. पोपटांत प्राण ठेवणाऱ्या मांत्रिकाची त्यांतील कथा जोसेफ जेकब्स यानें १८९२ च्या आपल्या भारतीय परीकथांच्या संग्रहांत घेतली, व पाश्चात्य कथासंशोधकांनीं तिच्यावर बरेंच लिहिलें.

या पुस्तकांत संशोधकास जें सर्वांत मोलाचें वाटावें तें गोष्टींत नाहीं. आरंभीं जोडलेल्या सांगणारीच्या स्वतःच्या वृत्तांतांत आहे. गोष्ट कोणी सांगितली, तिनें ती कोणाकडून ऐकली, तिचें कुळ कोणतें, हें अ‍ॅनाच्या तोंडच्या शब्दांत दिलेलें आहे. हस्तलिखिताच्या पुष्पिकेचें जें काम तेंच हें. याच्या उलट अमेरिकेंत १८८० मध्यें जोएल चँडलर हॅरिस यानें आफ्रिकी गुलामांच्या तोंडच्या सशाकोल्ह्याच्या गोष्टी प्रसिद्ध केल्या, त्यांत सांगणारा ‘रिमसकाका’ हा कल्पित आहे. गोष्टी खऱ्या, सांगणारा खोटा. साधन म्हणून फ्रियरबाईचें पुस्तक वरचढ ठरतें तें या एका कारणासाठीं.

पण त्याच पुस्तकांत काय हरवलें हेंही पाहिलें पाहिजे, आणि त्यासाठीं एकच गोष्ट पुरेशी आहे. ‘स्वार्थी चिमणी व बेघर कावळे’ अशा अर्थाचा मथळा असलेली कथा त्यांत आहे. मराठी वाचक मथळ्यावरूनच ती ओळखील. ही आपली काऊचिऊची गोष्ट. आपल्याकडे कावळ्याचें घर शेणाचें, चिमणीचें मेणाचें. पाऊस येतो, शेण विरघळतें, मेण विरघळत नाहीं. गोष्टीचा सारा कार्यकारणभाव त्या दोन पदार्थांत आहे, आणि ते दोन पदार्थ एकमेकांशीं बांधले आहेत ते यमकानें. अ‍ॅनाच्या इंग्रजी कथनांत चिमणीच्या घराला आंतून लोकर आहे व बाहेरून काटक्या. कावळ्याचें घरटें निवडुंगाच्या कुंपणावर चार काटक्यांचें. यमक इंग्रजींत टिकणें शक्यच नव्हतें. तें गेल्याबरोबर शेण गेलें, मेण गेलें, आणि त्यांच्या जागीं पक्ष्यांच्या खऱ्या घरट्यांसारखीं घरटीं आलीं. गोष्ट अधिक ‘संभवनीय’ झाली, व त्याच प्रमाणांत मुलांची राहिली नाहीं. मथळ्यानें निवाडाही आधींच देऊन टाकला. मराठी घरांत चिमणी स्वार्थी कीं धोरणी, हें सांगणारीच्या आवाजावर अवलंबून असतें. बाळाला न्हाऊं घालतें, काजळ घालतें, ही तिचीं उत्तरें ऐकून मुलें हसतात, कावळ्यासाठीं रडत नाहींत.

निवडुंगाविषयीं एक लहानशी सूचना. कुंपणास लावतात तो फड्या निवडुंग मूळचा अमेरिका खंडांतील, युरोपीय लोकांबरोबर या देशांत आलेला. म्हणून कावळ्यास निवडुंगावर बसविणारें कथन त्या रूपांत फार जुनें असूं शकत नाहीं. शेणामेणाचें कथन मात्र जुनें आहे, आणि याला कागदाचा पुरावा आहे. म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रां’त श्रीचक्रधरांनीं एका लेंकरास सांगितलेली गोष्ट आहे. तींत चिमणीच्या जागीं साळै आहे. कावळ्याच्या घराला शेण आहे आणि साळैच्या घराला मेण आहे. तो ग्रंथ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ऋद्धिपूर येथें सिद्ध झाला. मूळ पोथी परचक्रांत नाहींशी झाली व पाठ पुन्हा जुळवावा लागला असें महानुभाव परंपरा सांगते, त्यामुळें एकेका शब्दावर भार देतांना जपावें लागतें. पण शेण व मेण ही जोडी अशी आहे कीं ती कोणी नव्यानें घालील असें वाटत नाहीं. चक्रधर भंडाऱ्यास आले होते, व नीळभट भांडारेकार हा त्यांचा शिष्य येथलाच, हें महानुभाव वाङ्मयाच्या वाचकांस ठाऊक आहे. झाडीपट्टीच्या बोलींत ‘ण’चा ‘न’ होतो. वरठीच्या आसपास आजही ही गोष्ट शेन आणि मेन अशी ऐकूं येते. उच्चार बदलला, यमक तसेंच राहिलें. सातशेंहून अधिक वर्षे ज्या खुंट्यावर गोष्ट टांगलेली होती, तो हा खुंटा.

आतां मुद्रणाचा क्रम पाहा. इंग्रजी रूप १८६८ मध्यें छापलें गेलें. ‘लीळाचरित्र’ नागपूरच्या हरि नारायण नेने यांनीं १९३६–३७ च्या सुमारास छापून काढलें. ज्या पाठाचें वय सर्वांत अधिक तो सर्वांत शेवटीं छापला गेला. मुद्रणाच्या सनांवरूनच जो इतिहास रचील त्यास काऊचिऊची गोष्ट लंडनहून आली असें म्हणावें लागेल. ‘उगम १८२८’ असें म्हणणारांची चूक याच जातीची आहे.

घरची गोष्ट मराठी छापखान्यांत अजिबात शिरली नाहीं असें मात्र नव्हे. एका वाटेनें ती शिरली, व ती वाट बालवाङ्मयाच्या इतिहासकारांनीं दुर्लक्षिली आहे. श्रावणांतल्या कहाण्या, म्हणजे आदित्यराणूबाई, सोमवार, शुक्रवार, नागपंचमी यांच्या, व्रताच्या निमित्तानें लहान पुस्तिकांतून छापल्या गेल्या. आटपाट नगर, राजा, त्याची नावडती राणी, दरिद्री ब्राह्मण, बोलणारीं झाडें हें सर्व परीकथेचें साहित्य त्यांत आहे. त्यांस पैसा मिळाला तो बायकांच्या धर्मकृत्याचा. गोष्ट म्हणून कोणी त्या छापल्या नाहींत. पूजेचें साहित्य म्हणून छापल्या. मुलें मांडीवर बसून ऐकत, एवढाच त्यांचा बालवाङ्मयाशीं संबंध. या कहाण्यांसही मुलांच्या पुस्तकाचा मान मिळाला तो पुन्हा इंग्रजींतच. चार्ल्स किंकेड यानें १९१४ सालीं ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नांवानें त्या सांगितल्या, व महादेव विश्वनाथ धुरंधर यांनीं त्यांस चित्रें काढलीं. धुरंधरांचीं चित्रें पाहण्यासारखीं आहेत. नऊवारींतली राणी परीकथेंत बसली ती तेथें.

हें सर्व येथें लिहिण्याचें प्रयोजन व्यावहारिक आहे. आमच्या संग्राहक बंधूंचें पोथ्यांवर प्रेम आहे, सनदा व कागदपत्रांवर आहे, नाण्यांवर आहे. आठ आण्यांच्या फाटक्या इसापनीतीवर नाहीं. रुमाल सोडतांना पोथी एका बाजूस ठेवली जाते आणि बालबोध टाइपाचीं पुस्तकें रद्दींत जातात. परंतु ज्ञानेश्वरीची हस्तलिखितें पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवलीं गेलीं, म्हणून शेंकड्यांनीं उरलीं. मुलांचें पुस्तक वापरण्यासाठींच असतें, म्हणून तें उरत नाहीं. पांच आवृत्त्या निघालेल्या शाळापुस्तकाची एकही धड प्रत न मिळणें हें अशक्य नाहीं. दुर्मिळपणा हा वयावर अवलंबून नसून वापरावर अवलंबून असतो, हें ग्रंथसंग्रह करणारास मुद्दाम सांगावें लागूं नये.

शोधासाठीं साधनें आहेत. सर अलेक्झांडर ग्रँट यांची १८६४ अखेरपर्यंतच्या मुंबई इलाख्यांतील देशी प्रकाशनांची यादी १८६७ त छापलेली आहे. त्याच वर्षीं पंचविसावा कायदा होऊन प्रत्येक छापील पुस्तकाची नोंद करणें सक्तीचें झालें. त्या नोंदींच्या त्रैमासिक याद्यांत पुस्तकाचें नांव, छापखाना, पृष्ठें, आवृत्ति, किती प्रती काढल्या व किंमत काय, हें सर्व दिलेलें असे. कोणती गोष्ट किती मुलांच्या हातीं गेली याचा हिशेब त्यावरून मांडतां येतो. त्यांस केवळ सरकारी कागद समजून बाजूस सारणें बरें नव्हे. ब्लुमहार्ट याची ब्रिटिश म्युझियमांतील मराठी पुस्तकांची यादी (१८९२) आणि शंकर गणेश दाते यांची १८०० ते १९३७ पर्यंतची ‘मराठी ग्रंथसूची’ (१९४३) यांचा उपयोग कोणासही करतां येईल. मात्र सूचींत नांव असणें म्हणजे प्रत असणें नव्हे, आणि दोन आवृत्तींचा पाठ एकच असतो असें गृहीत धरून चालणेंही धोक्याचें आहे. शाळाखात्यानें आवृत्तीगणिक भाषा सुधारली. त्यामुळें छत्र्यांची इसापनीति म्हणून पुढें जी वाचली गेली तींत छत्र्यांचें किती व दुरुस्त करणारांचें किती, हें जुन्या प्रती समोरासमोर ठेवूनच ठरविलें पाहिजे. हस्तलिखितांचा पाठभेद आपण डोळ्यांत तेल घालून पाहतों. मुद्रितांचा पाठभेदही तितकाच खरा असतो.

मध्यप्रांत १८६१ त बनला व पुढील वर्षांत तेथें शिक्षणखातें सुरू झालें. नागपूर ते राजनांदगांव ही लोहवाट १८८०–८२ मध्यें पुरी झाली, आणि वरठी येथें भंडारा रोडचें स्थानक झालें. मुंबई-पुण्याचीं पुस्तकें जिल्ह्याच्या शाळांस व घरांस पोंचण्याची सोय त्यानें फार वाढली. भंडारा, पवनी, तुमसर, साकोली, लाखनी येथील जुन्या घरांतून दप्तरें उघडलीं जातील तेव्हां अशीं पुस्तकें निघतील. त्यांची नोंद करतांना मुखपृष्ठ नसलें तरी टाकूं नये. शेवटच्या पानावरील छापखान्याचें नांव, किंमत, आवृत्तीचा अंक, शाळेचा शिक्का, बक्षीस दिल्याची चिठ्ठी, आणि समासांत मुलानें गिरविलेलें स्वतःचें नांव असल्यास तेंही उतरून घ्यावें. त्याबरोबरच त्या घरांतील वृद्ध बाईस काऊचिऊची गोष्ट विचारावी, आणि ती शेण म्हणते कीं काटक्या म्हणते, हें तिच्याच शब्दांत, तिच्या गांवाच्या नांवासह, त्याच कागदावर लिहून ठेवावें.